आतला पत्ता

"ताई, ह्यातनं बाप्या माणूस बोलतोय बघा," मालन म्हणाली.

मी स्टुलावर उभी राहून कॅमेऱ्यामागची वायर तपासत होते. खाली पलंगावर माई डोळे मिटून पडल्या होत्या. मालन त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती आणि कॅमेऱ्याला ऐकू जाईल म्हणून की काय, अगदी बारीक आवाजात बोलत होती.

"काय बोलतो?" मी विचारलं.

"त्येच कळत न्हाई. मी सैपाकघरात असती त्या वक्ताला. हळू बोलतोय, ग्वाड बोलतोय. मी आत आली की गप."

"शिव्या देतो ना?"

"न्हाई वो. शिव्या कुठल्या?"

शिव्यांचं मला श्रीधररावांनी सांगितलं होतं. कुणीतरी परका माणूस इंटरनेटवरून घरच्या कॅमेऱ्यात शिरतो आणि अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या आईला अर्वाच्य बोलतो, असं. मालनचं आणि त्यांचं सांगणं जुळत नव्हतं. पण मी मालनकडे लक्ष दिलं नाही. ऐकू नीट आलं नसेल, असं धरून चालले आणि स्क्रू पिळत राहिले.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि मिरजेत वायफाय, सीसीटीव्ही, दवाखान्यांची नेटवर्कं अशी कामं घेत होते. निमकरांकडे मला बोलावलं ते वैजयंतीबाईंनी, म्हणजे श्रीधररावांच्या बायकोनं. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, सकाळी अकराला जायच्या त्या पाचनंतर यायच्या. श्रीधरराव सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन घरी होते. माई त्यांच्या आई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. पडून खुबा मोडला तेव्हापासून चार वर्षं त्या पलंगावरच होत्या. यजमान त्याच्याही आधी गेले होते. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. धाकटा मुलगा उदयन कॅनडात. कॅमेरा त्यानंच पाठवला होता, मनात येईल तेव्हा आईला बघता यावं म्हणून. त्यातून बघताही येई आणि बोलताही येई.

तीन महिन्यांत दोन बायका काम सोडून गेल्या होत्या. घरात काहीतरी आहे, दुपारी खोलीत कुणी नसताना आवाज येतो, असं सांगून. उदयननं हे ऐकल्यावर तिकडून फोनवर थयथयाट केला. मग वैजयंतीबाईंनी मला शोधलं.

जुना राउटर उघडून बघितला आणि मला हसू आलं. कंपनीनं पाठीवर चिकटवलेला पासवर्ड तसाच चालू होता. कॅमेऱ्यासाठी बाहेरून एक दार सताड उघडं ठेवलेलं होतं, त्याला कुलूप नाही, कडी नाही. त्या दारावर जगभरातून दिवसाला शेकडो टकटका होत होत्या. मी लॅपटॉप श्रीधररावांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली.

"म्हणजे बाहेरचं कुणीही आत येऊ शकतं?"

"येऊ शकतं. ऐकू शकतं, बोलू शकतं."

"ऐकूही शकतं," ते म्हणाले आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "मग हे आधी बंद करा, मॅडम. बाहेरचं सगळं बंद."

मी कामाला लागले. नवा राउटर बसवला. त्यावर फायरवॉल उभी केली, म्हणजे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला उंबऱ्यावरच अडवणारा पहारेकरी. कॅमेऱ्याचं नेटवर्क घरच्या इतर नेटवर्कपासून वेगळं काढलं. कॅनडातल्या उदयनसाठी आणि शाळेत असताना वैजयंतीबाईंसाठी व्हीपीएन केलं. तो एक खाजगी बोगदा, ज्याच्याकडे किल्ली त्यालाच त्यातून घरात येता येतं. कॅमेरा आता तीनच फोनांवरून उघडणार होता आणि कोण कधी आलं त्याची नोंद राउटर ठेवणार होता.

"घरातल्या घरात काही अडणार नाही ना?" श्रीधररावांनी विचारलं.

"तुमच्या फोनवरून थेट उघडेल. तुम्हाला काहीच करावं लागणार नाही."

"उत्तम."

माणूस मला आवडला होता. पांढराशुभ्र सदरा, पावडरीचा वास, बोलणं अदबीचं. आईच्या खोलीत जाताना हात धुऊन जायचे. मालनची सुट्टी असली की आईची चादर स्वतः बदलतात, हे मला गल्लीतल्या दुकानदारानंही न विचारता सांगितलं होतं. अशा घरात काम करताना आपणही जरा बरं वागतो. मी त्या दिवशी वायरी भिंतीला लावताना पट्ट्या अगदी ओळंब्यात ठोकल्या.

आणि जाताना एक गोष्ट केली. वायफायवर मालनचा फोन जोडलेला दिसला होता. मी श्रीधररावांना बाजूला घेऊन म्हटलं, "हिच्या ओळखीतल्या कुणाला पासवर्ड गेला असेल. तो माणूस वैजयंतीबाई शाळेत असतानाच बोलतो, म्हणजे कुणीतरी त्याला वेळ कळवत असणार. मुद्दाम केलंय असं नाही, पण तिचा फोन मी काढून टाकलाय."

त्यांनी मान हलवली. "मलाही तोच संशय होता. पण गरीब माणसावर आळ कसा घ्यायचा?"

हे वाक्य मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. म्हटलं, किती विचार करतात बघ.

निघण्यापूर्वी माईंच्या खोलीत डोकावले. त्या जाग्या होत्या.

"काय गं केलंस?"

"आता बाहेरचं कुणी येणार नाही, माई. काळजी करू नका."

"बाहेरचं कुणी येतच नव्हतं," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्या माणसाला कुणी भेटायला येत नाही याचं दुःख असतं. मी त्यांचा हात थोपटला आणि निघाले.

पाचव्या दिवशी दुकानात मालनचा फोन आला.

"ताई, त्यो परत बोलला."

"शक्य नाही."

"काल बोलला, परवा बी बोलला. रोज तीनच्या पुढं. आता मला सायबांनी सांगितलंय, एक तारखेपासनं येऊ नको. माझ्या फोनातनंच कायतरी भानगड हाय म्हनं." ती थांबली. "तुमीच त्यास्नी तसं सांगितलासा म्हनत हुते."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"माझं ऱ्हाऊ द्या. पर माई जेवंनात, ताई. आदी वाटीभर पेज घ्यायच्या. आता दोन घास घेत्यात न् तोंड मिटत्यात. पाठीची हाडं लागाय लागल्यात हाताला. डाक्टर म्हनले, हे असंच चाललं तर म्हैना काढायच्या न्हाईत."

खरं सांगायचं तर मी गेले ती माईंसाठी नाही, मालनसाठीही नाही. माझ्या भिंतीला कुणी भोक पाडलं हे मला बघायचं होतं. बाहेरून बघायची सोय मी स्वतःलाही ठेवली नव्हती. राउटरची नोंद वाचायची तर त्या घरातच जावं लागणार होतं.

अडीच वाजता मालननं मागचं दार उघडलं. श्रीधरराव वरच्या खोलीत वामकुक्षी घेत होते, तसं ते रोजच घेत. माझा पहिला अंदाज असा होता की कॅनडातला उदयनचा फोन कुणाच्या तरी हाती लागलाय. मी माईंच्या खोलीत कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, कपाटाला टेकून जमिनीवर बसले. तिथं त्याची नजर पोचत नाही. लॅपटॉप मांडीवर घेतला. माईंनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मालननं पेज शिजवून झाकून ठेवली होती, तिचा वास येत होता. ती बाहेर गेली.

तीन वाजून दहा मिनिटांनी कॅमेऱ्यावरचा हिरवा दिवा लागला.

"इंदू."

दबका, जरा खर्जातला, म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज.

"इंदू, ऐकतेस ना?"

माईंनी डोळे उघडले. "हो."

"आज जेवलीस?"

"दोन घास."

"कशाला गं? मी काल काय म्हटलं होतं? तू जेवत राहतेस आणि मला इथं तिष्ठत उभं राहावं लागतं. माझे पाय दुखतात, इंदू."

"बरं."

"मालन वाटी घेऊन येईल. तू मान फिरव. तोंड उघडायचं नाही. एवढंच करायचंय. थोडेच दिवस आता. मग मी आहेच."

"बरं," माई म्हणाल्या.

तात्या जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या घरात माईंना इंदू म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

आणि मग मला दुसरी एक गोष्ट ऐकू आली. खरं तर ती सुरुवातीपासून ऐकू येत होती, पण कानानं घेतलेलं डोक्यात शिरत नव्हतं. कॅमेऱ्यातून प्रत्येक वाक्य येण्याआधी एक क्षण वरून, छतातून, कुणीतरी पुटपुटत होतं. आधी वर गुणगुण, मग कॅमेऱ्यात शब्द. पुन्हा वर गुणगुण, पुन्हा शब्द. आवाज तारेतून फिरून यायला जेवढा वेळ लागतो तेवढंच अंतर.

मी स्क्रीनकडे पाहिलं. नोंदीत एकच ओळ वाढली होती. व्हीपीएन रिकामं होतं. फायरवॉलवर एकही ओरखडा नव्हता. कॅमेरा उघडला होता तो घरातल्याच पत्त्यावरून, आणि त्या पत्त्यापुढे मीच माझ्या हातानं नाव टाईप केलं होतं. श्रीधर.

साप अंगावरून गेला असता तर एवढं वाटलं नसतं. ती गोड समजूत, ते "माझे पाय दुखतात", आणि तो पावडरीचा वास, सगळं एकदम घशाशी आलं. मी तोंडावर हात दाबून बसले. हिरवा दिवा विझला.

मालन वाटी घेऊन आली. पेजेवर साय धरली होती. तिनं चमचा माईंच्या ओठाला लावला. माईंनी मान भिंतीकडे फिरवली.

मी जिना चढून वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

श्रीधरराव खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. मांडीवर फोन, फोनवर चौपदरी घडी केलेला एक बायकी रुमाल. बाजूच्या तिपाईवर बशीत सोललेलं संत्रं होतं. प्रत्येक फोडीचे दोरे काढून, फोडी गोल मांडून ठेवल्या होत्या.

"या मॅडम," ते म्हणाले. "काही राहिलं होतं का?"

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा चढवला, ती ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला. मग एक फोड उचलून तोंडात टाकली. ती सावकाश चावून खाल्ली. त्या चावण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

"बसा."

"तुम्ही बोलत होतात."

"ती दिवसरात्र तात्यांना हाक मारायची. चार वर्षं. तुम्ही ऐकलंयत का कधी? अहो, कुठं गेलात, अहो, कुठं गेलात. मी तिला तात्या दिले."

"तुम्ही त्यांना जेवू नका म्हणालात."

"जेवून काय व्हायचंय?" ते खरोखर विचारत होते. "सांगा ना. ती बरी होणार आहे? उठणार आहे? उदयन रोज दोन मिनिटं बघतो, स्क्रीनला हात हलवतो आणि कामाला जातो. मी धुतो सगळं. चार वर्षांत मी सांगलीच्या पुढे गेलेलो नाही, मॅडम."

"मग बाई ठेवा. मुलाला बोलवा. नाही झेपत म्हणून सांगा."

"तसं कसं सांगायचं?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

ते पुढे झाले आणि आवाज आणखी मऊ केला.

"मी तिला हात लावलाय का? उशी दाबली का तोंडावर? मी फक्त बोलतो. ऐकायचं की नाही ते तिचं तिनं ठरवायचं. आणि खरं सांगू का, तुमचे आभारच मानायला हवेत. वैजयंतीनं तुम्हाला बोलवायचं काढलं तेव्हा मी जरा धास्तावलो होतो. पण तुम्ही ते दाखवलंत, शेकडो टकटका. मला घामच फुटला. इतके दिवस कुणी परका ऐकत बसला असेल तर? तुम्ही सगळं बंद केलंत तेव्हा कुठं मला शांत वाटलं."

मी सरळ ठोकलेल्या पट्ट्या, मी उभा केलेला पहारेकरी, माझी ती कौतुकाची फायरवॉल. सगळं या खुर्चीतल्या माणसाला निवांत बोलता यावं म्हणून झालं होतं. त्याची किळस वाटत होती तशी मला माझ्या हातांचीही वाटली. मी ते साडीला पुसले.

"नोंद किती दिवस राहते?" त्यांनी विचारलं.

"महिनाभर."

"मग तेवढं पुसून टाका. मी उद्यापासून बोलणार नाही, शब्द देतो. आणि मालनलाही काढत नाही. तिच्या घरात तीच एकटी कमावती आहे, तुम्हाला माहीत असेलच."

म्हणजे मालनला समोर धरून तो माझ्याशी सौदा करत होता. पाच दिवसांपूर्वी मीच ती त्याच्या हातात दिली होती.

मी खाली आले आणि वैजयंतीबाईंना शाळेत फोन केला. एवढंच म्हटलं, "आत्ता घरी या." मग स्टुलावर चढून कॅमेरा वायरीसकट उपटला आणि तो पदराखाली धरून दारात बसले. वैजयंतीबाई रिक्षा करून आल्या, बोटांना खडू तसाच. मी त्यांना नोंद दाखवली. श्रीधर या नावापुढं पाच दिवसांच्या पाच ओळी, प्रत्येक तीननंतरची, प्रत्येक दहा-बारा मिनिटांची. काय ऐकलं तेही शब्दन् शब्द सांगितलं. मधेच मालन म्हणाली, "व्हय, मी बी ऐकलाय त्यो आवाज," आणि रडायला लागली.

वैजयंतीबाई वर गेल्या. मी त्यांच्यामागे गेले. त्या दारातच थांबल्या.

"रुमाल माझा घेतलात?" त्यांनी विचारलं.

श्रीधररावांनी रुमालाची घडी नीट केली आणि तो पुढे धरला. वैजयंतीबाईंनी तो घेतला नाही.

उदयनला आम्ही व्हिडिओवर बोलावलं. तिकडे सकाळ होती. तो कपात काहीतरी ढवळत होता, ते मधेच थांबलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं कप खाली ठेवला. मला वाटलं, हा आता ओरडेल, विमानाचं तिकीट काढेल.

"हे अजून कुणाला कळलंय?" त्यानं विचारलं.

"आम्हालाच," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"मग घरातच राहू दे, वहिनी. दादानं एकट्यानं खूप केलंय, त्याच्यावर ताण आला असेल, आपण समजून घ्यायला पाहिजे. मॅडम, ते लॉग वगैरे काढून टाकता येतं ना?"

मी म्हटलं, "काढता येतं. काढणार नाही."

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. त्या नोंदीच्या मी दोन प्रती छापल्या. एक वैजयंतीबाईंना दिली, दुसरी माईंना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना नेऊन दिली आणि त्यांना सगळं सांगितलं. पोलिसांत जायला वैजयंतीबाई तयार नव्हत्या. माई मुलाविरुद्ध जबाब देणार नाहीत, त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. पण त्यांनी बिनपगारी रजा टाकली. माईंचा पलंग पुढच्या खोलीत, रस्त्यावरच्या खिडकीशी आणला. मालन राहिली. तिची मी माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ताई," पण त्यानंतर माझ्याशी पहिल्यासारखी बोलली नाही. श्रीधरराव त्याच घरात वर राहिले, वरच जेवले. गल्लीत कुणाला काही कळलं नाही. माई आणखी चौदा महिने जगल्या आणि एका सकाळी झोपेतच गेल्या. उदयन दहाव्याला आला.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

उदयनचा फोन झाल्यावर मी एकटीच माईंच्या खोलीत गेले. त्यांना आपल्या नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता, त्यासाठी त्या रोज तीन वाजायची वाट बघत असणार, आणि मी तो वायरीसकट उपटला होता. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मी पलंगाशी बसले.

"माई, तो आवाज तात्यांचा नव्हता."

"माहीत आहे मला."

मला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. "माई, ते तात्या नव्हते. दुसरं कुणीतरी त्यांच्यासारखं बोलत होतं."

"श्रीधर होता," त्या म्हणाल्या. "चौथीत असताना शाळेच्या नाटकात त्यानं म्हाताऱ्याचं काम केलं होतं. आवाज बदलून बोलायला मीच शिकवलं. रोज संध्याकाळी बसवून पाठ करून घ्यायची. वाक्याच्या मधेच श्वास घेतो तो, तेव्हापासून. कितीदा सांगितलं, सुधारलं नाही."

"कधी ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी."

"मग त्याचं ऐकलंत का? जेवण का सोडलंत?"

माईंनी छताकडे पाहिलं. "त्यानं लहानपणापासून माझ्याकडे कधी काही मागितलं नाही गं. धाकटा हट्ट करायचा, हा गप्प बसायचा. आता एक मागितलं, तेही स्वतःच्या तोंडानं मागायचा धीर झाला नाही त्याला. मी म्हटलं, देऊन टाकावं."

मालननं गरम करून आणलेली पेज तिथंच होती. मी चमचा उचलला. माईंनी माझ्याकडे बघितलं, मग कॅमेरा होता त्या जागेकडे, तिथं आता नुसती दोन भोकं होती. त्यांनी तोंड उघडलं. सात घास घेतले. मी मोजले.

"त्याला सांगू नकोस," तोंड पुसून घेताना त्या म्हणाल्या. "मला कळलं होतं म्हणून. लाजेल तो."

मी बरं म्हटलं.

बाहेर आले तर श्रीधरराव जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. सदरा बदललेला, केस विंचरलेले. ताजी पावडर लावली होती. "आई जेवली का?" त्यांनी विचारलं, अगदी पूर्वीसारखं, काळजीनं.

तो वास आला आणि मी माईंना दिलेला शब्द मोडला.

"त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हटलं. "तुम्ही आहात हे. तुम्हाला हवंय म्हणून त्या उपाशी राहत होत्या."

त्यांनी कठडा धरला. हळूच पायरीवर बसले. चेहरा पांढरा पडला होता, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, आता हा माणूस रडेल, आणि मग मला त्याच्याबद्दल दुसरं काहीतरी वाटू शकेल. मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं. डोळे कोरडे होते.

"मग तिनं तसं सांगायचं नाही का?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार होती. "तीन महिने मी घसा कोरडा करतोय."

मी चपला हातात घेतल्या आणि तशीच अनवाणी रस्त्यापर्यंत गेले.